गुपित विकता येतं, साक्ष विकता येत नाही

२ मे २०११ रोजी मध्यरात्र उलटल्यावर पाकिस्तानातल्या अबोटाबाद शहरात एका तीनमजली घरात पाच माणसं मारली गेली. ओसामा बिन लादेन, त्याचा मुलगा खालिद, त्याचा निरोप्या अबू अहमद अल-कुवेती, कुवेतीचा भाऊ अब्रार आणि अब्रारची बायको बुश्रा. मारणारे अमेरिकी नौदलाच्या 'सील टीम सिक्स' या तुकडीचे कमांडो होते. घरात बायका होत्या, डझनाहून जास्त मुलं होती. सोळा महिन्यांनी, ४ सप्टेंबर २०१२ रोजी, त्या रात्रीचं पुस्तक दुकानांत आलं. नाव 'नो ईझी डे', लेखक 'मार्क ओवेन'. हे अर्थातच टोपणनाव. पुस्तक येण्याआधीच फॉक्स न्यूजनं लेखकाचं खरं नाव, मॅट बिसोनेट, जाहीर करून टाकलं होतं. प्रकाशकानं आधी ११ सप्टेंबर ही तारीख ठरवली होती. जवळपास तीन हजार मृतांच्या स्मृतिदिनी पुस्तकाचा मुहूर्त करायचं ज्याला सुचलं, त्याला आपला धंदा पक्का कळत होता एवढं मान्य करायला हवं.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. प्रकाशनाआधी हस्तलिखित तपासून घेण्याचा करार लेखकानं मोडला, असं पेंटॅगॉननं म्हटलं. लेखक म्हणाला, तशी गरज नाही असा सल्ला मला माझ्या वकिलानंच दिला होता. २०१६मध्ये तडजोड झाली. बिसोनेटनं माफी मागितली आणि पुस्तकाची रॉयल्टी व भाषणांचं मानधन मिळून सुमारे ६८ लाख डॉलर सरकारजमा करायचं मान्य केलं. सरकारची अब्रू राहिली, लेखकाची प्रसिद्धी राहिली, वाचकाची करमणूक आधीच झालेली होती.

अशा पुस्तकांवरचा वादही असाच ठरलेला असतो. एक बाजू म्हणते, हा विश्वासघात आहे. शत्रूला आपले डावपेच कळतात, सहकाऱ्यांचे जीव धोक्यात येतात. दुसरी म्हणते, ज्यानं जीव पणाला लावला त्याला स्वतःची गोष्ट सांगायचा हक्क नसेल तर कुणाला असणार? दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात: की प्रश्न गुपित फोडावं की फोडू नये एवढाच आहे. माझं म्हणणं असं, की हा प्रश्नच चुकीचा आहे. सैनिकानं गुपित कधीच फोडू नये असं मी मानत नाही. काही गुपितं फोडायलाच हवीत, करार मोडून, तुरुंगात जाऊन फोडायला हवीत. पण विशेष दलांच्या वीरकथांचा जो बाजार गेल्या तीस-पस्तीस वर्षांत उभा राहिला आहे, तो नेमकी ती गुपितं सोडून बाकीची विकतो. आणि एवढ्यावरच न थांबता, खरी गुपितं सांगू पाहणाऱ्यांचं तोंड बांधायला सरकारला दोरी पुरवतो.

पाच तासांचं मौन

आधी सरकारचा हिशोब करू, कारण देशहिताचा सगळ्यात मोठा आवाज तिथूनच येतो.

अबोटाबादच्या मोहिमेचे तपशील बाहेर सांगायचे नाहीत, असं त्या रात्री व्हाइट हाउसमध्ये बसलेल्या सगळ्यांनी ठरवलं होतं. हा निश्चय सुमारे पाच तास टिकला, असं तेव्हाचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी पुढे लिहिलं. कुठे लिहिलं? स्वतःच्या आठवणींच्या पुस्तकात! जून २०११मध्ये सीआयएच्या मुख्यालयात झालेल्या समारंभात तेव्हाचे संचालक लिऑन पॅनेटा यांनी मोहिमेबद्दल जे भाषण केलं, त्यात गोपनीय माहिती होती. ऐकायला 'झीरो डार्क थर्टी' या चित्रपटाचा पटकथालेखक हजर होता. पॅनेटा यांच्यावर खटला भरला गेला नाही. पुढे त्यांनीही आठवणी लिहिल्या.

नौदलाचं पाहा. सील कमांडोंच्या ब्रीदात आपल्या कामाचा गाजावाजा करायचा नाही, श्रेय मागायचं नाही अशी प्रतिज्ञा आहे. फेब्रुवारी २०१२मध्ये 'ॲक्ट ऑफ व्हॅलर' नावाचा चित्रपट आला. त्यात सेवेत असलेल्या सील सैनिकांनी भूमिका केल्या होत्या, नौदलाच्या संमतीनं. भरतीला तेवढीच मदत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सील टीम सिक्सच्या सात जणांना एका व्हिडिओ गेमसाठी सल्ला दिल्याबद्दल शिक्षा झाली: दोन महिने अर्धा पगार आणि लेखी ताशेरे. म्हणजे पडद्यावर दिसणं हे कर्तव्य आणि गेमवाल्यांशी बोलणं हा गुन्हा. फरक गोपनीयतेचा नव्हता. दुकान कुणाच्या मालकीचं, हा होता.

वरिष्ठ बोलतात म्हणून कनिष्ठानंही बोलावं, असा निष्कर्ष यातून काढायची घाई मात्र करू नये. बिसोनेटच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी नेमकं हेच केलं. मंत्री पुस्तकं लिहितात, मग शिपायानं का नाही? युक्तिवाद कानाला गोड लागतो, पण दुसऱ्यानं उधारी बुडवली म्हणून आपली फिटत नाही. सरकारच्या ढोंगावरून एवढंच सिद्ध होतं, की गोपनीयतेचं मोजमाप सरकारच्या हाती सोपवता येणार नाही. ते वेगळीकडे शोधावं लागेल. माझ्या मते ते शोधायची जागा म्हणजे ती माणसं, ज्यांच्या आयुष्यावर हे पुस्तक उभं आहे आणि ज्यांना बोलता येत नाही.

एकट्या साक्षीदाराची मक्तेदारी

गुप्त मोहिमेच्या कथनाचं एक वैशिष्ट्य सहज लक्षात येत नाही. इतर कुठल्याही अनुभवकथनाला प्रतिवाद असतो. गिर्यारोहकानं शिखर सर केल्याचं लिहिलं तर दुसरा गिर्यारोहक शंका काढतो. गुप्त मोहिमेत मात्र कागदपत्रं कुलूपबंद, सहकारी शपथेनं बांधलेले, काही मेलेले, आणि समोरची माणसं एक तर मेलेली किंवा दूरच्या गावात, ज्यांच्याकडे कुठला प्रकाशक जाणार नाही. म्हणजे जो पहिला शपथ मोडतो, त्याच्या हातात मक्तेदारी येते. त्याच्या कथनाची किंमतच मुळी इतर गप्प आहेत म्हणून आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात; इथे सगळ्यांच्या मुठी झाकलेल्या राहतात आणि एकजण आपली उघडून सव्वा लाख घेऊन जातो.

ब्रिटनमधला नमुना सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत बोलका आहे. जानेवारी १९९१मध्ये आखाती युद्धात एसएएस या विशेष दलाची आठ जणांची 'ब्राव्हो टू झीरो' तुकडी इराकच्या वाळवंटात उतरवली गेली. मोहीम फसली. तिघे मेले, चौघे पकडले गेले, एकजण चालत सीरियाला पोचला. तुकडीच्या नायकानं १९९३मध्ये 'अँडी मॅकनॅब' या नावानं 'ब्राव्हो टू झीरो' लिहिलं. निसटलेल्या सैनिकानं १९९५मध्ये 'ख्रिस रायन' या नावानं 'द वन दॅट गॉट अवे' लिहिलं. दोन्ही पुस्तकं तुफान खपली. दोघंही पुढे थरारकथांचे व्यावसायिक लेखक झाले. या बाजारात टोपणनाव हे लपण्याचं साधन राहत नाही. ते दुकानावरची पाटी होतं.

आता मेलेल्या तिघांपैकी एकाकडे पाहा. सार्जंट विन्स फिलिप्स थंडीनं गारठून मेला. पुस्तकांमधून त्याचं जे चित्र रंगवलं गेलं, त्यात तुकडी शत्रूच्या नजरेला पडण्याचं खापर त्याच्या डोक्यावर फुटलं. त्याच्या घरच्यांनी विरोध केला, पण लाखो प्रतींपुढे एका शोकाकुल कुटुंबाचा आवाज किती पोचणार? पुढे मायकेल ॲशर हा माजी एसएएस सैनिक आणि अरबी जाणणारा लेखक स्वतः इराकमध्ये जाऊन त्या वाटेनं फिरला, तिथल्या लोकांशी बोलला. त्याचं पुस्तक २००२मध्ये आलं. वीरकथांमधल्या मोठमोठ्या चकमकी तिथल्या लोकांच्या आठवणीत नव्हत्या, आणि फिलिप्सवरचा ठपका त्याला टिकणारा वाटला नाही. खरं काय हा निवाडा इथे करायचा नाही. मुद्दा असा, की नऊ वर्षं एक मेलेला माणूस गुन्हेगार म्हणून वाचला जात होता आणि त्याची बाजू मांडू शकणारे त्याचे सहकारी गोपनीयतेच्या शिस्तीत गप्प होते. शिस्त पाळणारा हरला आणि मोडणाऱ्यानं इतिहास लिहिला.

अमेरिकेत असंच घडलं. जून २००५मध्ये अफगाणिस्तानच्या कुनार प्रांतात चार सील सैनिकांची तुकडी गुराख्यांच्या नजरेस पडली. नंतरच्या लढाईत तिघे मेले, त्यांना सोडवायला निघालेलं हेलिकॉप्टर पाडलं गेलं आणि त्यातले सोळाही मेले. वाचलेल्या मार्कस लट्रेलनं २००७मध्ये 'लोन सर्व्हायव्हर' लिहिलं. सहलेखक होता नौदलावरच्या थरारक कादंबऱ्या लिहिणारा पॅट्रिक रॉबिन्सन. निःशस्त्र गुराख्यांना मारायचं की सोडायचं यावर तुकडीत मतदान झालं, असं पुस्तक सांगतं. तुकडीचा प्रमुख लेफ्टनंट मायकेल मर्फी याच्या वडिलांनी जाहीरपणे सांगितलं, की माझा मुलगा असा निर्णय मताला टाकणारा नव्हता. मर्फीला मरणोत्तर सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. स्वतःच्या आयुष्यातल्या सर्वांत अवघड निर्णयाबद्दल बोलायची संधी मात्र त्याला कधीच मिळणार नाही. लट्रेल खोटं बोलला असं मी म्हणत नाही. मृत्यूच्या दाढेतून आलेल्या माणसाची स्मृती न्यायालयाच्या नोंदीसारखी नसते, हे कुणालाही कळेल. म्हणूनच तिच्यावर थरारक कादंबरीचा साज चढवून तिला एकमेव सत्य म्हणून विकणं गंभीर आहे.

तिकडे राहिलेले

सैनिक परत येतो. त्याला मदत करणारा परत जायला कुठे जागा नसते, कारण तो तिथलाच असतो.

अबोटाबादच्या घरात कोण राहतं हे कळावं म्हणून सीआयएनं शकील आफ्रिदी या पाकिस्तानी डॉक्टरकरवी लसीकरणाची मोहीम काढली होती. मे २०११मध्ये त्याला अटक झाली. जानेवारी २०१२मध्ये पॅनेटा यांनी अमेरिकी दूरचित्रवाणीवर त्यानं मदत केल्याचं उघडपणे सांगून टाकलं. आफ्रिदी तेव्हा कोठडीत होता. मे २०१२मध्ये त्याला ३३ वर्षांची शिक्षा झाली, कागदोपत्री भलत्याच संघटनेशी संबंध ठेवल्याबद्दल. पुढे ती कमी झाली तरी तो सुटला नाही. डिसेंबर २०१२मध्ये कराची आणि पेशावरच्या परिसरात पोलिओचे डोस देणाऱ्या कार्यकर्त्यांना वेचून मारलं गेलं, त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. लसीकरणाबद्दलचा संशय तिथे आधीपासून होता, पण या प्रकरणानं त्याला पुरावा मिळाला. मे २०१४मध्ये व्हाइट हाउसनं आश्वासन दिलं, की यापुढे सीआयए लसीकरणाचा आडोसा घेणार नाही. तोवर बायकांचे बळी गेले होते.

हे पाप बिसोनेटच्या पुस्तकाचं नाही, हे स्पष्ट करायला हवं. आफ्रिदीला उघडं पाडणारे मोठे लोक होते. पण बोलण्याची किंमत कोण चुकवतं हे यातून दिसतं. वॉशिंग्टनमध्ये बोललं जातं, पेशावरमध्ये चुकवलं जातं. कुठलाही दुभाष्या, वाटाड्या, खबऱ्या यांचं नाव बदललं म्हणून तो लपत नाही. गावाला माहीत असतं त्या वेळी त्या रस्त्यानं कोण गेलं होतं. पेंटॅगॉनच्या तपासनिसाला जो तपशील निरुपद्रवी वाटतो, तो त्या गावात एखाद्याच्या दारावरची खूण असू शकतो.

आणि समोरची माणसं? अबोटाबादच्या त्या घरातून वाचलेल्या बायकांनी पाकिस्तानी चौकशी आयोगापुढे साक्ष दिली. आयोगाचा ३३६ पानांचा अहवाल पाकिस्ताननं दडपून ठेवला. जुलै २०१३मध्ये अल जझीरानं तो फोडला म्हणून जगाला दिसला. त्याच रात्रीची, त्याच जिन्यावरची दुसरी बाजू. ती किती जणांनी वाचली? बुश्रा हे नाव किती जणांना ठाऊक आहे? ओसामाबद्दल कणव वाटायचं कारण नाही. पण जिच्यावर कुठलाच आरोप नव्हता अशी एक बाई त्या घरात मेली, आणि त्या रात्रीच्या जगप्रसिद्ध कथेत तिची जागा वाटेतल्या अडथळ्याएवढी आहे. कथा बंदुकीच्या मागून सांगितली, की बंदुकीच्या पुढचं सगळं लक्ष्य म्हणूनच दिसतं.

दोरी कुणाच्या गळ्यात पडली

आता मुख्य मुद्द्याकडे येतो.

मॅकनॅब आणि रायन यांच्या पुस्तकांनी ब्रिटिश संरक्षण मंत्रालय खवळलं. १९९६मध्ये विशेष दलांतल्या प्रत्येकाकडून आजन्म गोपनीयतेचा करार लिहून घेणं सुरू झालं. सही करा नाहीतर दल सोडून मूळ पलटणीत परत जा, असा पर्याय होता. न्यूझीलंडचा माइक कोबर्न, याच ब्राव्हो टू झीरो तुकडीतला, स्वतःचं कथन प्रसिद्ध करू पाहत होता. आधीच्या पुस्तकांतल्या चुका दुरुस्त करणं हा त्याचा एक हेतू. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. २००३मध्ये करार वैध ठरला, पुस्तक निघू शकलं, पण नफ्यावर हक्क सरकारचा. आधीच्यांनी करार नसताना कमावलं, आणि त्यांची दुरुस्ती करू पाहणाऱ्याच्या हाती काही राहिलं नाही.

कोबर्नचं निदान पुस्तक तरी निघालं. बेन ग्रिफिनचं काय झालं पाहा. ग्रिफिन एसएएसचा सैनिक, २००५मध्ये बगदादमध्ये होता. तिथे जे पाहिलं त्यानंतर त्यानं परत जायला नकार दिला आणि सैन्य सोडलं. फेब्रुवारी २००८मध्ये त्यानं जाहीरपणे सांगितलं, की ब्रिटिश विशेष दलांनी पकडलेली माणसं अमेरिकनांच्या ताब्यात दिली जातात आणि तिथून छळ होणाऱ्या तुरुंगांत पोचवली जातात. काही दिवसांतच मंत्रालयानं गोपनीयतेच्या बंधनाचा आधार घेत उच्च न्यायालयातून मनाई हुकूम आणला. ग्रिफिन गप्प झाला, त्याला गप्प केलं गेलं. वर्षभरानं, फेब्रुवारी २००९मध्ये, संरक्षणमंत्री जॉन हटन यांनी संसदेत कबूल केलं, की २००४मध्ये ब्रिटिश सैन्यानं इराकमध्ये पकडलेले दोघे अमेरिकनांच्या हाती दिले गेले होते आणि त्यांना अफगाणिस्तानात नेण्यात आलं होतं. संसदेला आधी दिलेली माहिती चुकीची होती.

एकीकडे आपल्या पराक्रमाची, फसलेल्या मोहिमेची, वाळवंटातल्या थंडीची गुपितं. ती विकली गेली, त्यांवर चित्रपट निघाले, लेखक श्रीमंत झाले. दुसरीकडे माणसं कुठे नेली जातात याचं गुपित. ते सांगणाऱ्यानं एक पैसा मागितला नव्हता आणि त्याच्या तोंडाला कुलूप लागलं. ते कुलूप ज्या काळात घडवलं गेलं, तो काळ वीरकथांनी आणलेला होता. विशेष दलांचा माणूस म्हणजे पैशासाठी बोलणारा, अशी जी प्रतिमा या पुस्तकांनी तयार केली तिचा फायदा मंत्रालयाला झाला. तोटा ग्रिफिनला झाला, आणि त्याहून जास्त, ज्यांच्याबद्दल तो बोलत होता त्यांना.

अमेरिकेतही गोष्ट वेगळी नाही. फ्रँक स्नेप हा सीआयएचा माणूस. १९७५मध्ये सायगॉन सोडताना अमेरिकेनं आपल्या व्हिएतनामी मदतनीसांना कसं वाऱ्यावर सोडलं, हे त्यानं १९७७च्या आपल्या पुस्तकात लिहिलं. त्यात गोपनीय माहिती आहे असा सरकारचा दावाही नव्हता. तरी १९८०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याची सगळी कमाई सरकारजमा केली, कारण त्यानं आधी परवानगी घेतली नव्हती. स्नेप आणि बिसोनेट कायद्याच्या लेखी एकाच रांगेत उभे आहेत. सोडून दिलेल्या माणसांसाठी लिहिणारा आणि स्वतःच्या मोहिमेसाठी लिहिणारा, यांत कायद्याला फरक कळत नाही. वाचकाला तरी कळायला हवा.

ऑस्ट्रेलियाकडे पाहिलं की उरलीसुरली शंका जाते. नोव्हेंबर २०२०च्या ब्रेरटन अहवालानुसार, ऑस्ट्रेलियाच्या विशेष दलांनी अफगाणिस्तानात ३९ जणांना बेकायदा मारल्याची विश्वासार्ह माहिती मिळाली. कैदी, शेतकरी, गावकरी. मेलेल्याजवळ शस्त्र ठेवून फोटो काढायची पद्धत होती. हे कुठल्या कमांडोच्या गाजलेल्या आत्मकथनातून बाहेर आलं? नाही आलं. समाजशास्त्रज्ञ समांथा क्रॉम्पव्हूट्स यांच्या कानावर सैनिकांकडून कुजबुज आली, मग चौकशी झाली, मग अनेक सैनिकांनी साक्ष दिली. त्यांतल्या बहुतेकांची नावं आजही झाकलेली आहेत. लष्करी वकील डेव्हिड मॅकब्राइड यानं दिलेल्या कागदांवरून एबीसीनं २०१७मध्ये 'अफगाण फाइल्स' प्रसिद्ध केल्या. त्याचा मूळ हेतू काय होता यावर न्यायालयात खल झाला. वरिष्ठ सैनिकांच्या मागे उगाच चौकशा लावतात, असं त्याचं म्हणणं होतं. हेतू काही असो, कागद खरे होते. मे २०२४मध्ये त्याला पाच वर्षं आठ महिन्यांची शिक्षा झाली.

चौकशीसमोर बोललेल्या त्या सैनिकांनी नाव झाकलं आणि सत्य उघडं केलं. वीरकथेच्या बाजारात नेमकं उलट चालतं.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. बिसोनेटच्या पुस्तकामुळेच सरकारी थाप उघडी पडली, असं म्हणतात. ते खरं आहे. मोहिमेनंतर व्हाइट हाउसनं आधी सांगितलं होतं, की ओसामानं प्रतिकार केला, बायकोला ढालीसारखं पुढे केलं. दुसऱ्याच दिवशी हे मागे घ्यावं लागलं. पुस्तकातून कळलं, की दारातून डोकावतानाच त्याला गोळी लागली. ही माहिती इतिहासाच्या दृष्टीनं महत्त्वाची आहे आणि ती मिळाली हे बरं झालं. पण ती पुस्तकात ज्या ओघात येते ते पाहा. जिवंत पकडायचं होतं की नव्हतं, हुकूम काय होता, कुणी दिला, हे प्रश्न जिथे उभे राहायला हवेत तिथून कथा पुढच्या जिन्याकडे वळते. सत्य सांडलेलं आहे, मांडलेलं नाही. शिवाय त्याच रात्रीचा दुसरा सैनिक, रॉबर्ट ओनील, २०१७च्या आपल्या पुस्तकात ती गोळी स्वतःची असल्याचं सांगतो आणि दोन कथनं जुळत नाहीत. मोहिमेची न्याय्यता कोपऱ्यात राहिली आणि जग चघळत बसलं, की गोळी कुणाची.

दुसरा आक्षेप पोटाचा. अमेरिकेत तेव्हाच्या नियमानं वीस वर्षं पूर्ण न करणाऱ्या सैनिकाला निवृत्तिवेतन नव्हतं. बिसोनेट आणि ओनील दोघांनीही त्याआधी नौकरी सोडली. झिजलेलं शरीर, मोडलेली झोप, आणि दारात उभा प्रकाशक. या माणसाला उपदेश करणं सोपं आहे. पण यातून निष्कर्ष निघतो तो असा, की सरकारनं त्याला पेन्शन द्यावी, उपचार द्यावेत. देशासाठी झिजलेल्या माणसाला आपल्या मेलेल्या मित्रांच्या शेवटच्या क्षणांवर गुजराण करावी लागत असेल, तर लाज सरकारला वाटायला हवी. ती लाज झाकायला रॉयल्टी पुढे करू नये.

तिसरा आक्षेप मनाचा: लिहिल्यानं जखम भरते. भरत असेल. मग लिहावं, जरूर लिहावं. डायरी, सहकाऱ्यांच्या घरच्यांना पत्र, अभिलेखागारात तीस वर्षांसाठी बंद केलेली वही. जखम भरायला लाखाची आवृत्ती लागत नाही.

आपल्या अंगणात

हे सगळं परदेशातलं, आपल्याला काय, असं म्हणायची सोय नाही. २८-२९ सप्टेंबर २०१६च्या रात्री भारतीय लष्करानं नियंत्रण रेषेपलीकडे लक्ष्यभेदी हल्ले केले आणि सकाळी पत्रकार परिषदेत सांगितले. २०१७मध्ये 'इंडियाज मोस्ट फिअरलेस' या पत्रकारांनी लिहिलेल्या पुस्तकात तुकडीच्या प्रमुखाची मुलाखत टोपणनावानं आली. २०१९मध्ये, निवडणुकीच्या वर्षात, चित्रपट आला. कुणाच्याही घरी छापा पडला नाही, आणि पडावा असंही नाही.

छापा कुणावर पडला? मेजर जनरल व्ही. के. सिंह यांच्यावर. (पुढे मंत्री झालेले लष्करप्रमुख नव्हेत, हे वेगळे.) त्यांनी २००७मध्ये 'रॉ'बद्दलच्या पुस्तकात तिथल्या खरेदीतल्या गैरव्यवहारांवर आणि बेजबाबदारपणावर लिहिलं. सीबीआय दारात आली, १९२३च्या गोपनीयता कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. २०२१मध्ये पेन्शनच्या नियमांत बदल करून गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांतल्या निवृत्तांना संस्थेच्या कामाबद्दल पूर्वपरवानगीशिवाय लिहायला बंदी घातली गेली. मोडली तर पेन्शनवर गदा. परवानगी कुणी द्यायची? त्याच संस्थेच्या प्रमुखानं. अशा चाळणीतून काय गळेल आणि काय अडकेल हे सांगायला ज्योतिषी नको. पराक्रम गळेल, पैशांचा हिशोब अडकेल.

आणि आपण वाचक. आपल्याकडे बहिर्जी नाईकांची गोष्ट लहानपणी प्रत्येकाला सांगितली जाते. समकालीन कागदांत त्यांच्याबद्दल फार थोडं आहे, आणि त्या न बोलण्याचंच आपल्याला कौतुक. मोठेपणी आपण कमांडोंची आत्मकथनं मुळातून किंवा अनुवादात फस्त करतो आणि त्यांना देशभक्तीचं वाचन म्हणतो. मौनाची पूजा आणि मौन मोडणाऱ्याची खरेदी, दोन्ही एकाच कपाटात. मी इथे मौनाचं गाणं गाणार नाही. मौन आपोआप पवित्र नसतं. त्याखाली बरेचदा प्रेतं असतात. पण विकत घेताना निदान पाहावं. या पुस्तकात जे उघड केलंय ते लपवण्यात कुणाचा फायदा होता? ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला उत्तर द्यायची सोय आहे का? लेखकाला त्याची किंमत मोजावी लागली, की त्याला ती मिळाली?

सरकारकडूनही मागायला हवं. हस्तलिखितं तपासायचं काम त्याच मंत्रालयाकडे नको, ज्याची अब्रू त्यांत गुंतलेली आहे. न्यायाधीश असलेलं स्वतंत्र मंडळ हवं. माणसांची ओळख आणि चालू मोहिमा यांपलीकडे काहीही कापायचा अधिकार त्याला नको. गुन्ह्याची माहिती देणाऱ्या सैनिकाविरुद्ध गोपनीयतेचा कुठलाही करार लागू होऊ नये, मग त्यावर त्यानं कितीही सह्या केलेल्या असोत. आणि मोहिमेत मदत केलेल्या स्थानिकाला सुरक्षित जागी हलवल्याशिवाय त्या मोहिमेबद्दल मंत्र्यानं, सेनापतीनं, चित्रपटवाल्यानं किंवा शिपायानं तोंड उघडू नये.

ग्रिफिनवर मनाई हुकूम आला त्या वर्षीही मॅकनॅबची पुस्तकं विमानतळांवरच्या दुकानांत रचून ठेवलेली असणार, आजही असतात. ती कुणीही उचलावीत. फक्त ती उचलताना आपण एका गप्प राहणाऱ्या दलाचं गुपित ऐकतोय असं समजू नये. ते दल जे खरोखर लपवत होतं, ते अजून बऱ्याच अंशी लपलेलंच आहे.